गर्भवतीची जंतुतपासणी आणि जाणण्याची जबाबदारी

आजारी माणूस डॉक्टरची पायरी चढतो तेव्हा दुखण्याने त्याला तिथे आणलेले असते. काय होते आहे ते तो सांगतो, डॉक्टर इलाज सुचवतो, आणि दोघांमधला व्यवहार त्या दुखण्यापुरता राहतो. चाळणी तपासणीत हा क्रम उलटतो. जिला काही होत नाही, जी धडधाकट आहे, तिलाच बोलावून वैद्यक म्हणते, तुझ्या शरीरात काही दडले आहे का ते पाहू. गर्भारपणात हे जितके होते तितके तरुण वयात एरवी कधी होत नाही. नाव नोंदवायला गेलेल्या बाईचे रक्त उपदंशासाठी तपासतात, लघवी जंतूंसाठी तपासतात. काही देशांत क्लॅमिडिया आणि परमा यांचीही चाचणी होते, आणि दिवस भरत आले की ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस या जंतूसाठी कापसाचा बोळा लावलेली काडी फिरवून नमुना घेतात. (पुण्यात २०२५ च्या आरंभी ‘जीबीएस’ ही अक्षरे घरोघरी पोचली ती गुलेन बॅरी सिंड्रोममुळे. त्या आजाराशी या जंतूचा संबंध नाही, म्हणून येथे त्याला ग्रुप बी स्ट्रेप एवढेच म्हटले आहे.)

चाचण्या कशा करायच्या ते पाठ्यपुस्तकांत आहे. निरोगी बाईत जंतू शोधण्याचा अधिकार कोठून येतो, तो शोध कोणाच्या भल्यासाठी असतो, आणि जंतू सापडला तर त्यानंतर कोण कोणाला बांधील होते, हे प्रश्न मात्र प्रयोगशाळेत सुटत नाहीत. ते नीतीचे आणि काही अंशी धर्माचे प्रश्न आहेत.

याची जाणीव वैद्यकालाही आहे. १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर या दोघांनी चाळणी तपासणीचे दहा निकष लिहिले, आणि ते आजही आधाराला घेतले जातात. आजार महत्त्वाचा असावा, त्याला मान्य उपचार असावा, निदानाची आणि उपचाराची सोय हाताशी असावी, चाचणी लोकांना पटणारी असावी, उपचार कोणाला द्यायचा ते आधी ठरलेले असावे, अशी ही यादी आहे. वाचताना ती सरकारी परिपत्रकासारखी वाटते. पण तिच्यातले बरेचसे निकष जंतूविषयी नाहीतच; ते तपासणाऱ्यावर घातलेल्या अटी आहेत. उपचार नसेल तर शोधू नका, कारण शोधल्यावर तुम्ही मोकळे राहत नाही, हा त्यांचा गाभा आहे.

पहिला प्रश्न आजार म्हणायचे कशाला, हा. सुश्रुतसंहितेत निरोगी माणसाचे जे लक्षण सांगितले आहे त्यात दोष, अग्नी, धातू आणि मल यांचे संतुलन येते, आणि त्याबरोबर आत्मा, इंद्रिये व मन यांची प्रसन्नताही येते. या कसोटीवर ग्रुप बी स्ट्रेप बाळगणारी गर्भवती पूर्ण निरोगी ठरते. हा जंतू आतड्यात आणि योनिमार्गात राहतो, बहुतेक प्रौढांना काही करत नाही, आज असतो आणि काही आठवड्यांनी नसतो. रिबेका लान्सफील्ड यांनी १९३० च्या दशकात स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचे गट पाडले तेव्हा हा ‘बी’ गट गुरांच्या कासदाहाचे कारण म्हणून अधिक ओळखीचा होता. १९७० च्या दशकात अमेरिकेत तो नवजात बाळांच्या रक्तदोषाचे आणि मेंदुज्वराचे प्रमुख कारण म्हणून पुढे आला. सुरुवातीच्या अहवालांत या बाळांपैकी निम्म्यापर्यंत दगावत. प्रसूतीच्या वेळी बाळ जन्ममार्गातून येताना त्याला हा जंतू लागतो आणि आजार बहुधा पहिल्याच दिवशी दिसतो: बाळ कण्हते, दूध ओढत नाही, श्वास भरभर घेते.

म्हणजे जो जंतू आईच्या अंगी आजार नाही, तोच बाळाच्या अंगी मृत्यू ठरू शकतो. फ्रेंच तत्त्वज्ञ जॉर्ज काँगिलेम यांनी १९४३ च्या आपल्या प्रबंधात असा विचार मांडला की आजार आधी रुग्णाच्या अनुभवात असतो, प्रयोगशाळेतला आकडा त्यानंतर येतो. गर्भवतीच्या बाबतीत हा विचार अडखळतो, कारण अनुभव घेणारी एक आणि ज्याला भोगावे लागणार तो दुसराच. तरीही त्यातला इशारा घेण्यासारखा आहे. कागदावर ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द आला की कालपर्यंत ठणठणीत असलेली बाई स्वतःला दूषित समजू लागते, घरचेही तसे समजतात. तिच्यात काही बिघडलेले नाही, हे सांगणे तपासणीचाच भाग धरले पाहिजे. ते सहसा सांगितले जात नाही.

दुसरा प्रश्न दैवाचा. महाराष्ट्रात बाळाच्या जन्मानंतर पाचव्या किंवा सहाव्या दिवशी सटवाईची पूजा होते. पाटा-वरवंटा मांडतात, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, आणि त्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी त्याचे भाग्य लिहून जाते अशी श्रद्धा आहे. बाळंतघरातल्या मृत्यूंचा मोठा वाटा पहिल्या आठवड्यात पडतो, हे ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले त्याने नेमके त्याच दिवसांत देवीला बोलवावे यात नवल नाही. प्रश्न असा की लिहिले जाणारच असेल तर आधी तपासून काय उपयोग?

या आक्षेपाचे उत्तर आपल्याकडे फार जुने आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात अग्निवेश आत्रेयांना विचारतो की आयुष्य आधीच ठरलेले असते की नाही. आत्रेयांचे म्हणणे असे की आयुष्य दैव आणि पुरुषकार या दोघांच्या मेळावर अवलंबून असते. मागच्या देहात केलेले कर्म म्हणजे दैव, या देहात केलेले ते पुरुषकार. दैव दुबळे असेल तर पुरुषकार त्याला मागे सारतो. सगळ्यांचे आयुष्य ठरलेलेच असते तर औषधे आणि मंत्र यांची गरज कोणाला पडली नसती, आणि पिसाळलेल्या हत्तीच्या वाटेतून बाजूला होण्याचे कारणही उरले नसते, असा तो युक्तिवाद आहे. त्यात एक व्यावहारिक शहाणपण आहे. दैव किती बलवान हे आधी कळत नाही, म्हणून प्रयत्न सोडायला कोणाला आधार मिळत नाही. चाळणी तपासणी या अर्थाने पुरुषकारच आहे. सटवाईची पूजा करणारी आजी आणि रक्ताची नळी भरणारी परिचारिका यांचे भांडण होत नाही ते यामुळेच. एकाच घरात दोन्ही नांदतात.

इतर धर्मपरंपरांतही तपासणीला थेट विरोध फारसा आढळत नाही. ज्यू धर्मशास्त्रात जीव वाचवण्याच्या कर्तव्यापुढे शब्बाथसकट बहुतेक सर्व नियम मागे पडतात. इस्लामी धर्मशास्त्र ज्या पाच मूलभूत गोष्टींचे रक्षण सांगते त्यांत जीवित येते, आणि उपचार करून घ्या असे पैगंबरांचे सांगणे हदीसमध्ये आहे. जैन विचारापुढे मात्र एक खरी अडचण उभी राहते, कारण तिथे सूक्ष्म जीवही जीवच आहेत आणि प्रतिजैविक हे त्यांना मारण्यासाठीच दिले जाते. ही अडचण जैन आचारशास्त्र दोन भेदांनी हाताळते. साधूचे महाव्रत वेगळे आणि गृहस्थाचे अणुव्रत वेगळे. शिवाय हिंसा घडणे आणि हिंसेचा भाव मनात असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. रक्षणासाठी नाइलाजाने होणारी हिंसा गृहस्थाला निषिद्ध नाही. पण नाइलाज आहे की नाही हे आधी तपासा, ही अट तिथे राहतेच, आणि गरज नसताना प्रतिजैविक लिहून देणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला ती लावण्यासारखी आहे.

धर्माची खरी अडचण शोधण्याशी नाही, शोधून सापडलेल्या गोष्टीच्या अर्थाशी आहे, आणि तिथे उपदंशाची गोष्ट सुरू होते. लोकांच्या बोलण्यात हा ‘गरमी’चा आजार, कुजबुजत सांगायचा. युरोपातही तो शतकानुशतके पापाचे फळ मानला गेला. बाप व्यभिचारी आणि बायको-मुले निरपराध, अशी विभागणी एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांनीही केली. दयाळूपणे केलेली असली तरी तिच्यात रोग्यांची दोषी आणि निर्दोष अशी वर्गवारी मान्य केलेली होती. १९०६ मध्ये बर्लिनमध्ये वासरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्ताची चाचणी काढली, आणि उपदंश पहिल्यांदा कबुलीजबाबाविना ओळखता येऊ लागला. १९३८ पासून अमेरिकेतल्या काही राज्यांनी गर्भवतीची ही चाचणी कायद्याने सक्तीची केली. १९४३ मध्ये पेनिसिलिनने उपदंश बरा होतो हे दिसले, आणि चाचणीला अर्थ आला. त्याआधी चाचणी होती, पण हाती होते ते आर्सेनिकचे विषारी, लांबलचक उपचार.

सरसकट सर्वांची तपासणी करण्याच्या बाजूने जो सर्वात भक्कम नैतिक मुद्दा आहे तो येथे सापडतो. डॉक्टरने चेहरा, कपडे, जात, वस्ती बघून ‘हिची तपासू या’ असे ठरवले तर ती चाचणी म्हणजे संशय होतो. सगळ्यांचीच होते तेव्हा कोणावरच आरोप राहत नाही. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात नाव नोंदवणाऱ्या प्रत्येक गर्भवतीची उपदंशाची चाचणी व्हावी असे धोरण आहे, आणि वकिलाच्या बायकोलाही तीच लागू असते, ऊसतोड मजुराच्या बायकोलाही. समतेचे इतके साधे उदाहरण आरोग्यसेवेत दुसरे क्वचित सापडेल.

पण निकाल आल्यावर ही समता टिकत नाही. घरात तपासणी होते ती बाईची, नवऱ्याची नाही; त्यामुळे आजार कोणाकडून आलेला असो, कागद तिच्या नावाचा असतो. ‘हिच्यात निघाले’ एवढे वाक्य सासरी पुरते. ज्या तपासणीचा हेतू संशय काढून टाकण्याचा, तीच संशयाचा पुरावा बनते. म्हणून चाचणीपूर्वी नवरा-बायको दोघांना एकत्र सांगणे आणि दोघांचे रक्त घेणे हा सौजन्याचा भाग मानू नये. तो न्यायाचा भाग आहे. याच जोडीला आपल्याकडची आणखी एक रीत येते. पहिले बाळंतपण माहेरी. बाई सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते, रक्त तपासलेले असते सासरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, प्रसूती होते दुसऱ्या तालुक्यात. माता-बाल संरक्षण कार्ड सासूच्या कपाटात राहिले की निकालही तिथेच राहतो. आशाताई दोन्ही गावांत आहेत, पण त्या दोघींची गाठ पडत नाही. इथे ना शास्त्र कमी पडते ना श्रद्धा. कमी पडतो तो एक कागद.

लक्षणे नाहीत असे ज्याला म्हणतात त्याचाही थोडा शोध घ्यायला हवा. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली; तो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता, त्यांत जंतुसंसर्गाचे प्रमाण मोठे होते, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात जेमतेम आठ होत्या. यांतल्या कितीतरी जणींना त्रास होत होता. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, लघवीला आग होणे हे सारे बायकांचे असतेच असे धरून त्या गप्प होत्या. त्यामुळे लक्षणरहित आजार हा शब्द जपून वापरावा लागतो. काही वेळा शरीर गप्प असते, काही वेळा बाई गप्प असते, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. पहिल्या प्रकारात चाचणी उपयोगी. दुसऱ्या प्रकारात तिला विचारणारे, ऐकून घेणारे माणूस आधी हवे. विचारलेच नाही आणि नुसते रक्त-लघवी तपासले, तर प्रयोगशाळा बाईच्या बोलण्याची जागा घेते, आणि तिचे मौन अधिक पक्के होते.

तिसरा प्रश्न दोन जिवांचा. आयुर्वेद गर्भवतीला दौहृदिनी म्हणतो. चौथ्या महिन्याच्या सुमारास गर्भाचे हृदय व्यक्त होते आणि तिच्यात दोन हृदये असतात, म्हणून तिच्या इच्छेचा मान राखावा, असे ते सांगणे. गर्भाच्या भल्याचा मार्ग आईच्या इच्छेतून जातो, ही त्यातली दृष्टी लक्षात घेण्यासारखी आहे. आधुनिक वादात बहुधा उलटे चित्र असते. आईचे हक्क एका पारड्यात, बाळाचे दुसऱ्या, आणि डॉक्टर काटा धरून उभा.

प्रत्येक तपासणीत लाभ कोणाचा हे वेगळे असते. लघवीतल्या जंतूंची तपासणी मुख्यतः आईला मूत्रपिंडाच्या संसर्गापासून वाचवते. उपदंशाची तपासणी दोघांनाही वाचवते. ग्रुप बी स्ट्रेपच्या तपासणीत मात्र भार जवळजवळ सगळा आईवर आणि लाभ सगळा बाळाचा. हजार गर्भवती घेतल्या तर साधारण २०० जणींत हा जंतू सापडेल. काहीच केले नाही तर त्या २०० जणींच्या बाळांपैकी शंभरात एक ते दोन, म्हणजे दोन ते चार बाळे आजारी पडतील. ती वाचवण्यासाठी २०० जणींना कळा सुरू झाल्यावर शिरेतून पेनिसिलिन द्यावे लागते, शक्यतो जन्माच्या किमान चार तास आधी. त्यांतल्या १९६ ते १९८ जणींच्या बाळांना त्याची गरज नव्हती, पण त्या कोणत्या हे आधी सांगता येत नाही. हाताला सुई, नळी, हालचालीला बंधन, आणि क्वचित पेनिसिलिनची जीवघेणी ॲलर्जी, हे सारे त्यांनी सोसले.

ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोज यांनी १९८० च्या दशकात अशा स्थितीला प्रतिबंधाचा विरोधाभास म्हटले: जो उपाय समाजाला मोठा फायदा देतो तो त्यात भाग घेणाऱ्या एकेकट्या माणसाला फारच थोडा देतो. माणसाला नुसते साधन म्हणून वापरू नये असे सांगणाऱ्या कांटच्या नीतिशास्त्राला हे खटकावे, कारण १९६ जणी चौघींसाठी साधन ठरल्यासारख्या दिसतात. पण हा आक्षेप फार ताणता येत नाही. सुई घेताना प्रत्येक जण आपलेच बाळ वाचावे म्हणून घेते. आपण त्या चौघींत आहोत की नाही हे तिलाही ठाऊक नसते. साधन ती तेव्हाच ठरते, जेव्हा हे आकडे तिच्यापासून लपवून तिच्या हातात सुई टोचली जाते. सांगून विचारले तर बहुतेक जणी हो म्हणतात. नाही म्हणणारीला धमकावण्याचा अधिकार मात्र कोणालाच मिळत नाही.

एकच पुरावा घेऊन दोन शहाणे देश दोन निष्कर्षांवर येतात, यावरून प्रश्नाचे स्वरूप कळते. अमेरिकेत १९९६ पासून मार्गदर्शक सूचना आहेत आणि २००२ पासून प्रत्येक गर्भवतीची तपासणी सुचवलेली आहे. आता ती ३६ ते ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर करतात. तिथे पहिल्या आठवड्यातला हा आजार १९९० मध्ये हजार जन्मांमागे १.८ होता, २०१५ मध्ये तो ०.२३ वर आला. ब्रिटनच्या राष्ट्रीय तपासणी समितीने सरसकट तपासणीची शिफारस केलेली नाही. तिथे धोका पाहून औषध देतात: मुदतपूर्व प्रसूती, प्रसूतीत ताप, आधीच्या बाळाला झालेला आजार. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये २०१४-१५ च्या पाहणीत हे प्रमाण ०.५७ होते. अमेरिका वाचलेल्या बाळांकडे बोट दाखवते. ब्रिटन म्हणते, हजारो निरोगी बायकांना आणि त्यांच्या बाळांना प्रतिजैविकाखाली आणण्याची किंमत कोणी मोजली? बाळाच्या आतड्यातल्या जंतूंच्या घडणीवर या औषधाचा परिणाम होतो, हे आता दिसले आहे. तो दीर्घकाळ किती टिकतो यावर वाद आहे. ब्रिटनने दोन्ही पद्धतींची तुलना करणारी मोठी चाचणी हाती घेतली, ही त्यातली प्रामाणिक गोष्ट.

भारताने यांपैकी एकाची नक्कल करावी असे नाही. दिल्लीच्या तीन रुग्णालयांतल्या नवजात बाळांचा जो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला त्यात रक्तदोषाचे मुख्य जंतू ॲसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला आणि ई. कोलाय निघाले, ग्रुप बी स्ट्रेप नव्हे. आईच्या योनिमार्गाइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष इथे प्रसूतिगृहाच्या नळाकडे, हातांकडे आणि औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंकडे द्यावे लागेल. १९९९ मध्ये बंग दांपत्याने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या गडचिरोलीच्या प्रयोगात गावातल्याच प्रशिक्षित बाईने घरी जाऊन नवजाताची काळजी घेतली, जंतुदोष ओळखून उपचार केला, आणि नवजात मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आले. त्यात आईची कोणतीही महागडी चाळणी तपासणी नव्हती.

शोधले की बरेच होईल, हा भोळा विश्वास वैद्यकाला अधूनमधून महागात पडलेला आहे. १९५० च्या दशकात बोस्टनमध्ये एडवर्ड कास यांनी लघवीच्या दर मिलिलिटरमागे एक लाख जंतू ही रेषा आखली, आणि त्रास नसला तरी अशा गर्भवतीवर उपचार करण्याची प्रथा पडली. उपचार न केल्यास त्यांतल्या २० ते ४० टक्के जणींना मूत्रपिंडाचा संसर्ग होतो असे शिकवले गेले. नेदरलँड्समधल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उपचार न केलेल्यांमध्ये हे प्रमाण फक्त २.४ टक्के निघाले. तपासणी रद्द झाली नाही, पण अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१९ मध्ये तिच्या शिफारशीची श्रेणी एका पायरीने खाली आणली. याहून गंभीर गोष्ट ब्रिटनमधल्या ‘ओरॅकल’ चाचणीची. मुदतपूर्व कळा आलेल्या, पाणमोट न फुटलेल्या आणि संसर्गाची चिन्हे नसलेल्या बायकांना प्रतिजैविके दिली गेली. छुपा जंतू मारला तर बाळाचे भले होईल ही कल्पना होती. २००८ मध्ये मुले सात वर्षांची झाल्यावर पाहिले, तर एरिथ्रोमायसिन मिळालेल्या मातांच्या मुलांत मेंदूच्या पक्षाघाताचे प्रमाण ३.३ टक्के आणि न मिळालेल्यांत १.७ टक्के होते. औषध देणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता. अहिंसेचा विचार हेतूपाशी थांबत नाही, परिणामाचीही चौकशी करतो, म्हणूनच अशी सात वर्षांनंतरची चौकशी हे नैतिक कर्तव्य ठरते.

उलट बाजूचा अपराध म्हणजे जाणून काहीच न करणे. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या मेकन परगण्यात १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्य खात्याने उपदंश झालेल्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय पुरुषांवर फक्त नजर ठेवली. त्यांना आजार काय ते सांगितले नाही, आणि पेनिसिलिन सर्रास मिळू लागल्यावरही ते दिले नाही. टस्कीगी अभ्यास या नावाने ही घटना ओळखली जाते, आणि ती पुरुषांची गोष्ट म्हणून सांगितली जाते. पण त्यांच्या बायकांना आजार लागला, काही मुले तो घेऊनच जन्मली, आणि पुढे सरकारला बायका, विधवा व मुले यांच्याही उपचाराची जबाबदारी घ्यावी लागली. यातून १९७९ चा बेलमाँट अहवाल निघाला. व्यक्तीचा मान, हित आणि न्याय ही त्याची तीन तत्त्वे संशोधनासाठी लिहिलेली असली तरी रोजच्या तपासणीलाही ती तितकीच लागू पडतात.

टस्कीगीत दुष्टपणा होता. साध्या दवाखान्यात ढिलाई असते. रक्त घेतले, नमुना तालुक्याला गेला, निकाल पंधरा दिवसांनी आला, तोवर बाई ऊसतोडीला गेली. कोणीच काही वाईट केले नाही, आणि बाळ मेलेले जन्मले. ज्याला कळले त्याने सांगितले नाही, एवढ्याच बाजूने पाहिले तर दोन्हीकडे फरक उरत नाही. श्रीमंत देशही यातून सुटलेले नाहीत. अमेरिकेत २०२२ मध्ये ३,७०० हून अधिक बाळे जन्मजात उपदंश घेऊन आली, दहा वर्षांपूर्वीच्या दहापटीहून जास्त, आणि त्यांतली दहापैकी जवळजवळ नऊ वेळेवर चाचणी व उपचार मिळते तर वाचली असती. याउलट क्यूबाने आईकडून बाळाला होणारा उपदंश आणि एचआयव्ही आटोक्यात आणल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये जाहीर केले. असा तो पहिला देश. त्याच्याजवळ कोणतेही गुप्त औषध नव्हते.

म्हणून तपासणीचा अधिकार कोठून येतो, या सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येते. तो तपासणाऱ्याच्या ज्ञानातून येत नाही आणि बाळाच्या नावाने आईवर लादताही येत नाही. बाईला कशासाठी तपासतो ते सांगणे, निकाल तिच्या हाती वेळेत देणे आणि त्याच केंद्रात औषध ठेवणे, या तीन गोष्टी जो पार पाडतो त्यालाच तो मिळतो. उपदंशाच्या बाबतीत हे आज कठीण राहिलेले नाही. बोटातल्या एका थेंबावर वीस मिनिटांत निकाल देणारी पट्टी उपकेंद्रातही वापरता येते, आणि सुरुवातीच्या अवस्थेत बेन्झाथिन पेनिसिलिनची २४ लाख युनिटांची एक मात्रा पुरते. जुना किंवा केव्हाचा ते न कळणारा संसर्ग असेल तर ती आठवड्याच्या अंतराने तीनदा देतात. बाळाला तिचा पुरता उपयोग व्हावा यासाठी उपचार प्रसूतीच्या किमान ३० दिवस आधी सुरू व्हावा लागतो, म्हणून पहिली तपासणी नाव नोंदवतानाच करायची असते. आणि नवऱ्याने औषध घेतले नाही तर बऱ्या झालेल्या बाईला तोच आजार पुन्हा लागू शकतो; त्यामुळे जिथे धोका अधिक आहे तिथे शेवटच्या तीन महिन्यांत तिचे रक्त पुन्हा तपासतात.